दोरी धरून शाळेला

ता. ३ ऑगस्ट

ती. ताईस,
धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. मी फोन मध्येच ठेवून देतो आणि तुला मनाजोगतं भांडता येत नाही, ही तुझी तक्रार सूनबाईने पोचवली. घे, आता कागदावर भांड.

इथे सगळं ठीक. चिरंजीव बोटीवर, म्हणजे महिनोन्‌महिने पाण्यात. सूनबाई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सकाळी लवकर जाते आणि उपाशीपोटी आलेल्या लोकांना सुया टोचते. घरात उरलो मी आणि तिसरीतली नात. तिला मी टिटवी म्हणतो, कारण तोंड क्षणभर मिटत नाही. तिला शाळेत पोचवायचं काम माझं. ड्रायव्हिंग स्कूल बंद केल्यापासून हे एवढंच काम उरलंय आणि ते मी नेकीने करतो.

पण आता शाळेला शिंगं फुटली आहेत. नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी फतवा काढला, की मुलांनी चालत यावं. चालण्याने म्हणे बुद्धी तरतरीत होते, हवा स्वच्छ राहते आणि मूल स्वावलंबी बनतं. बाई स्वतः नवऱ्याच्या मोटारीतून येतात आणि अलीकडच्या वळणावर उतरून तेवढंच चालत येतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि चालणं म्हणजे तरी कसं, ऐक. पाण्याच्या टाकीखाली लाँड्री आहे, तिथे सगळ्या पोरांनी जमायचं. एक लांबलचक दोरी, तिला कापडी कड्या शिवलेल्या. पिवळ्या टोप्या घालून एकेकाने एकेक कडी धरायची. पुढे चित्रकलेचा मास्तर पिवळं जाकीट घालून शिट्टी फुंकतो, मागे कुणाची तरी आई घाम पुसत चालते. मास्तरला शिट्टीसुद्धा धड वाजवता येत नाही, निम्मी हवा बाजूने जाते. मी त्याला शिट्टीमास्तर म्हणतो आणि आता लाँड्रीवालाही म्हणायला लागलाय.

खरी मजा पुढेच आहे. ही पोरं टाकीपर्यंत येतात कशी? मोटारीतून! आईबाप ऐटीत गाड्या काढतात, पोराला टाकीखाली उतरवतात, दोरी धरलेला फोटो काढतात आणि कृतकृत्य होऊन निघून जातात. पूर्वी शाळेच्या फाटकाशी गाड्यांची कोंडी व्हायची, ती आता लाँड्रीपाशी होते. इस्त्रीच्या कपड्यांवर धूर बसतो म्हणून लाँड्रीवाला सगळ्यांना शिव्या घालतो. त्यातल्या निम्म्या लोकांना गाडी मी शिकवलीय. एकाला अजून मागे घेता येत नाही.

आमच्या टिटवीला मी यात पाठवत नाही. ज्याने अर्ध्या गावाच्या हाती स्टिअरिंग दिलं, त्याच्या नातीने दोरी धरून जायचं? ती माझ्या गाडीतून येते. गाडी तीच, स्कूलची. वरची पाटी काढली, पण शिकवणाऱ्याच्या सीटपुढचा जादा ब्रेक आणि क्लच तसाच ठेवलाय. गॅरेजवाला काढून टाका म्हणत होता, त्याला हाकलला. त्या सीटवर आता टिटवी बसते. रस्ता नीट दिसावा म्हणून सीट पार पुढे ओढून घेतलीय आणि घरापासून शाळेपर्यंत तिचं धावतं वर्णन चालू असतं. डावीकडे कुत्रा, उजवीकडून सायकलवाला, दूधवाल्याची गाडी उभी आहे, एक आजी रस्त्यात उतरल्या. मी म्हणतो, बये, मोठी होऊन मॅचची कॉमेंट्री कर. मला मात्र त्या बडबडीशिवाय आता गाडी चालवायला करमत नाही.

बाकी विशेष काही नाही. गवंड्याने फाटकाचा डावा खांब वाकडा बांधलाय, गाडी दोनदा घासली. समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर रुसलेत. मी त्यांना ओळख देत नाही म्हणे. माणूस जाताना दिसला तर ओळख देईन ना? नसतं मानपानाचं खूळ! डोळे तपासा असंही कुणीतरी सुचवलं. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं मी चष्म्याशिवाय वाचतो म्हणावं.

गुडघा सांभाळ. माझ्यावर माया आहेच, ती या पत्रानंतरही शिल्लक राहो.
तुझा,
धाकटा

ता. ११ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि ते पुरणार नाहीत म्हणून कान पिळणं वेगळं. वि. वि. पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीचे पाय उमटल्यासारखंच आहे, पण ओळी सरळ आहेत.

तुझ्या मुख्याध्यापिकाबाई ढोंगी असतील आणि ते आईबाप मूर्ख असतील, यावर माझं तुझ्याशी भांडण नाही. पोराला गाडीत घालून चालायला नेणाऱ्या माणसाबद्दल मला काय वाटतं, ते मी पत्रात लिहू शकत नाही. पोस्टाचीही काही मर्यादा असते. पण शेरडांसारखी का होईना, ती पोरं आपल्या पायांनी जातात. तू पहिलीत असताना रोज वाटेत बसकण मारायचास आणि मी तुला दंडाला धरून ओढत न्यायची. मोटारीचा तुझा सोस तेव्हापासूनचा आहे, उगाच त्याला तत्त्वाचा मुलामा देऊ नकोस.

आता माझे प्रश्न. मी जन्मभर मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. कोण खिडकीतून बाहेर गेली होती आणि कोण खरंच आजारी होती, हे मला दाराबाहेरूनच कळायचं. तेव्हा उत्तरं गोलमाल नकोत. टिटवी आईच्या स्कूटरवर मागे बसते तेव्हाही अशीच कुत्री आणि सायकली सांगत जाते का? की हे वर्णन फक्त तुझ्यासाठी आहे? पोस्टमास्तर तुला दिसले नाहीत तेव्हा ते समोरून येत होते की कडेने? आणि फाटकाचा खांब गवंड्याने वाकडा बांधला असेल, तर इतकी वर्षं तू त्यातून गाडी कशी काढत होतास?

माझा गुडघा कुरकुरतो, पण मी त्याचं ऐकत नाही. खालच्या मजल्यावर एक नवीन जोडपं आलंय, दोघं एकमेकांशी फोनवरून भांडतात, एकाच खोलीत बसून. त्यांच्यापेक्षा तू बरा. लगेच उलट टपाली लिही. राग आला तर रागाने लिही, पण लिही.
तुझी,
ताई

ता. १९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझ्या प्रश्नांना उत्तरं द्यायला मी तुझ्या वसतिगृहातली पोरगी नाही. शिवाय मी सध्या भलत्याच संतापात आहे.

मंगळवारी आम्ही नेहमीसारखे निघालो. टाकीपाशी तो दोरीचा तमाशा चालला होता. मी आपला हळू, सरळ रस्ता बघत चाललो होतो. समोर काही नाही, रस्ता मोकळा. आणि एकाएकी गाडीला गचका बसून ती जागच्या जागी बंद पडली. बघतो तर टिटवीने दोन्ही पायांनी बाजूचा ब्रेक दाबून धरलेला! अंग ताठ, तोंड पांढरं. याचसाठी होता तो सीट पुढे ओढण्याचा लाडीगोडीचा हट्ट. मागून हॉर्न, लाँड्रीवाला इस्त्री सोडून बाहेर, आणि सगळी आईबाप जमात माझ्याकडे बघत उभी. यांना मी क्लच कसा सोडायचा ते शिकवलं आणि यांच्यासमोर माझी गाडी भर रस्त्यात बंद पडली!

त्यावर कडी म्हणजे शिट्टीमास्तर धावत आला आणि काचेवर हात आपटायला लागला. म्हणाला, पहिलीतला एक मुलगा दोरी सोडून पडलेली टोपी उचलायला गाडीपुढे आला होता, तुम्ही बघितलं नाहीत का? मी म्हटलं, बाबा रे, मी समोरच बघत होतो, मला कुणी दिसलं नाही. पोरगा आडवा आला असता तर मला दिसला नसता का? मोटारीने येणाऱ्यांना बदनाम करायचं, म्हणजे यांची दोरी खपते. अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

टिटवीला मी रागावलो. ब्रेक हे खेळणं नव्हे, हे तिला पहिल्या दिवसापासून सांगितलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली की ती आजपासून दोरीतून जाणार. कारण विचारलं तर गप्प. टिटवी आणि गप्प! सूनबाईही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीय. घरातलीच फितूर झाल्यावर बाहेरच्यांना काय बोलू?

ताई, मला फार लागलं ते. तुला खोटं कशाला सांगू? पोरीने कडी हातात घेतली आणि मान फिरवून माझ्याकडे बघितलं.

पण मी हार मानणाऱ्यातला नाही. त्या बिनडोक मास्तरवर मी माझी नात सोडणार नाही. ती दोरीतून जाते तेव्हा मी तिच्या मागोमाग गाडी नेतो. अगदी हळू, पहिल्या गिअरमध्ये, शाळेच्या फाटकापर्यंत. ती सारखी वळून वळून बघते. मला हात करून घरी जा म्हणते. मी जात नाही.

गाडीत आता फार शांत वाटतं. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी मला टाकू नकोस.
तुझा,
धाकटा

ता. २२ ऑगस्ट

ती. आत्याबाईंना,
सुनेचा नमस्कार. वि. वि. तुम्हांला मी आजवर कधी पत्र लिहिलं नाही, त्यामुळे हे बघून तुम्ही घाबराल. तशीच वेळ आहे, आणि हे फोनवर मला धड सांगता आलं नसतं. लॅबमध्ये बसून लिहिते आहे, मशीनमध्ये नमुने फिरताहेत तेवढा वेळ.

बाबांनी तुम्हांला मंगळवारचं कळवलंच असेल, त्यांच्या पद्धतीने. मी लाँड्रीवाल्याला विचारलं, दोरीच्या पाठीमागे चालणाऱ्या बाईंनाही विचारलं. मुलगा होता. गाडीच्या डाव्या चाकापाशी वाकलेला होता आणि त्याची टोपी चाकाखाली सापडली. टिटवीने ब्रेक दाबला नसता तर काय झालं असतं, ते मला लिहवत नाही.

त्या रात्री मी तिला जवळ घेऊन विचारलं. ती म्हणाली, आजोबांना समोरचं दिसतं पण बाजूचं दिसत नाही, म्हणून बाजूचं मी बघते. इतकं साधं सांगितलं तिने, जणू मी ताटं घेते आणि तू पाणी घे असं आमच्यात ठरलेलं असावं. मागच्या उन्हाळ्यापासून तिचं हे चाललंय, आत्याबाई. स्कूटरवर माझ्यामागे ती गाणी म्हणते, कधी कुत्रं सांगत नाही. पाय पोचावेत म्हणून सीट तिनेच पुढे घ्यायला लावली. आणि हे मला का सांगितलं नाहीस म्हटलं तर म्हणाली की मग तुम्ही आजोबांची गाडी काढून घेतली असती.

ती दोरीतून का जायला लागली, तेही ऐका. तिला चालायची काही हौस नाही, त्या पिवळ्या टोपीची तर लाजच वाटते. आणि खरं सांगायचं तर त्या दोरीबद्दल माझंही मत बाबांपेक्षा फारसं वेगळं नाही. पण तिने विचार केला, की आपण गाडीत बसलोच नाही तर आजोबांना गाडी काढावी लागणार नाही. आता ते पोरांच्या मागून गाडी नेतात, आणि बाजूचं सांगायला कुणी नाही. ती दोरीत चालत असते तेव्हा तिचं सगळं लक्ष मागे असतं. परवा ठेचकाळून पडली.

मी किल्ली लपवली. त्यांच्याकडे दुसरी होती. यांना बोटीवर फोन केला तर म्हणाले, बाबांचं मन दुखवू नकोस. मन! मी रोज लोकांचे रिपोर्ट हातात देते, मला कुणाचं मन दुखवायचा धाक नाही. पण ते माझे सासरे आहेत आणि मी तोंड उघडलं की ते उठून गाडीत जाऊन बसतात. तुमचं ते ऐकतात असं नाही, पण तुम्हांला घाबरतात. काहीतरी लिहा. उशीर करू नका.
आपली,
सून

ता. २६ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद नेहमीचेच, पण आज ते वरवरचे आहेत. वि. वि. हे पत्र बसून वाच आणि गाडीत बसून वाचू नकोस.

तू मूर्ख आहेस. हे मी तुला लहानपणापासून प्रेमाने सांगत आले, आज प्रेमाशिवाय सांगते. मुलगा होता. लाँड्रीवाल्याने पाहिला, मागच्या बाईने पाहिला, आठ वर्षांच्या पोरीने पाहिला. एका तुला दिसला नाही, आणि तू त्यावरून असा निष्कर्ष काढलास की तो नव्हताच! आणि वर मास्तरला बिनडोक म्हणतोस. त्याची शिट्टी फुसकी असेल, पण तो मूल मोजून नेतो आणि मोजून पोचवतो.

आपल्या अण्णांना गावात सरकार म्हणायचे, आठवतं? समोरून आलेल्याशी हसून बोलायचे आणि शेजारून गेलेल्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. केवढे गर्विष्ठ म्हणून लोक नाक मुरडायचे. वाटेतली बादली लाथेने उडवायचे, दाराची चौकट खांद्याने ठोकरायचे, आणि बादली ठेवणाऱ्यावरच खेकसायचे. आपणही त्याला त्यांचा तोरा समजत होतो. तू परगावी नोकरीला लागलास त्यानंतर मी त्यांना डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. काचबिंदू होता. कडेकडेने दृष्टी जात येते आणि मधली अखेरपर्यंत शाबूत राहते, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. अण्णाही तिथल्या डॉक्टरला वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचून दाखवत होते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते, असं सांगितलं. त्यांच्यात राखण्यासारखं फार उरलं नव्हतं. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली त्यांनी. तू हसशील अशी भीती होती त्यांना.

ते दुखणं बापाकडून मुलाकडे येतं, धाकट्या. आणि तोराही आलाय.

टिटवी तुझ्याशी बडबड करत नव्हती. तुला जे दिसत नव्हतं ते सांगत होती, आणि तू तिला कॉमेंट्री कर म्हणून हसत होतास. तुझी गाडी राहावी म्हणून तिने एवढे महिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. आता तूच गाडी काढू नयेस म्हणून ती त्या दोरीत चालते, आणि तू तीच गाडी तिच्या आणि त्या सगळ्या पोरांच्या पाठीमागे घेऊन जातोस. तुझ्या हातून एखादं पोर गेलं तर मी तुझं तोंड बघणार नाही. हे मी रागात लिहिलेलं नाही, दोनदा वाचून पाकिटात घालते आहे.

किल्ली सुनेला दे आणि डॉक्टरकडे जा. माया हवी असेल तर आधी हे कर.
ताई

ता. ५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून मी फाडलं आणि केराच्या टोपलीत टाकलं. अण्णांना मध्ये आणायचं तुला काही कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गाडी काढली. बघू कोण अडवतं ते, म्हटलं.

टाकीपाशी पोचलो तर टिटवी दोरीजवळ नव्हती, एकटी रस्त्याच्या कडेला माझी वाट बघत उभी. गाडी थांबवली तशी दार उघडून पूर्वीसारखी शेजारी येऊन बसली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, कंटाळलीस ना त्या मास्तरला? ती म्हणाली, आजोबा, गाडी बंद करा, आधी एक खेळ खेळू. मग तुमच्याबरोबर येईन.

बंद केली. काचा वर होत्या. खेळ असा, की मी मान न हलवता समोर लाँड्रीच्या पाटीकडे बघायचं आणि तिच्या बाजूच्या खिडकीबाहेर कोण आहे ते सांगायचं. पाटी मला स्वच्छ दिसत होती, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं 'डागांची हमी नाही' हेसुद्धा वाचलं. मी म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, अगं, नक्की म्हणजे काय, मी लोकांना आरसे बघायला शिकवलंय. तिने पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं. मग ती म्हणाली, आता बघा.

मी मान वळवली. ताई, काचेला लागून सगळी दोरी उभी होती. पहिलीपासून चौथीपर्यंतची सगळी पोरं, पिवळ्या टोप्या घालून, एकेका हातात कडी आणि दुसरा हात वर करून मला हलवत होती. शिट्टीमास्तरही हात हलवत होता. तो पहिलीतला पोरगा सगळ्यांत जवळ होता, काचेला नाक लावून. मी परत समोर पाटीकडे बघितलं. सगळी नाहीशी झाली. परत वळलो, तर आहेत.

त्यांच्यातलं एकही पोर हसत नव्हतं. तिने तसं बजावून ठेवलं होतं म्हणे. मला ती हसली असती तर बरं झालं असतं, मी निदान ओरडलो तरी असतो.

गाडी तिथेच लाँड्रीपुढे सोडली. किल्ली टिटवीच्या हातात दिली, तिने ती दप्तराच्या आतल्या कप्प्यात घातली. नंतर सूनबाईने लपवलेल्या किल्लीने गॅरेजवाला गाडी घेऊन गेला. मी विचार करत होतो तो त्या मंगळवारचा. मी त्या दिवशी तिला रागावलो होतो, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर. तिने ते निमूट ऐकून घेतलं.

उद्या सूनबाई मला डॉक्टरकडे नेणार आहे. मी पोस्टमास्तरांच्या घरी जाऊन आलो. नेमके ते झोपले होते, आता पुन्हा जाणं आलं.

तू तोंड बघणार नाहीस असं लिहिलंस. बघ, ताई.
तुझा,
धाकटा

ता. २४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तू पाठवलेलं लोकरीचं जाकीट मिळालं, बाह्या लांब आहेत. तू मला अजून तुझ्या वसतिगृहातल्या एखाद्या दांडग्या मुलीच्या मापाचा समजतेस.

डॉक्टरने तुझंच सगळं म्हणणं सांगितलं, फक्त तुझ्यापेक्षा जास्त वेळ घेऊन. याच प्राण्याला मी गाडी शिकवली होती. वळताना मागे कोण आहे ते बघायचं असतं, हे त्याच्या टाळक्यात शिरता शिरत नव्हतं, आणि आता तो मला कडेला काय दिसतं ते विचारतो. डावीकडची नजर बहुतेक गेली आहे, उजवीकडची थोडी उरलीय. ती राखायला रोज थेंब घालायचे. थेंब टिटवी घालते. अर्धे गालावर जातात.

मी आता दोरीतून जातो. हस, मी परवानगी देतो. मुख्याध्यापिकाबाईंना वाटलं मी राखणदार म्हणून आलो, त्यांनी मला पिवळं जाकीट दिलं आणि पुढे उभं केलं. टिटवीने मला तिथून काढलं आणि दोरीच्या मधोमध आणलं, पहिलीतल्या पोरांमध्ये, हातात एक कडी देऊन. डावीकडे ती असते. ती आपली पुन्हा सुरू झाली आहे: कुत्रं, सायकल, खड्डा, पायरी. आता बाकीची पोरंही सांगायला लागली आहेत, त्यामुळे एकाच कुत्र्याची बातमी मला दहा तोंडांनी कळते.

माझी मतं काही बदललेली नाहीत. शिट्टीमास्तर वळणावर आधी पाऊल टाकतो आणि मग शिट्टी मारतो, पूर्ण उलटं. आईबाप अजून मोटारीतूनच टाकीपर्यंत येतात. काल एका गृहस्थाला मी सगळ्यांदेखत सुनावलं, की उभ्या गाडीत क्लचवर पाय ठेवून बसायला मी तुला कधी शिकवलं होतं? त्याची बायको हसली. चालण्याने बुद्धी तरतरीत होते हे साफ खोटं आहे, इतक्या दिवसांत मला या घोळक्यात तसं एकही उदाहरण सापडलेलं नाही.

पोस्टमास्तरांनी क्षमा केली. फार गर्विष्ठपणे केली, पण केली.

थंडी पडायच्या आत एकदा येऊन जा. तुझी माया मला रागासकट लागते.
तुझा,
धाकटा

ता. क. हे सूनबाईला कळवू नकोस. तिला वाटतं, टिटवीला पोचवून मी घरी येतो. शाळा सुटेपर्यंत मी फाटकाच्या आतल्या बाकावर बसून असतो. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्या वर्गांसमोर माझं कौतुक केलं, की नातीवर केवढी ही माया, दिवसभर वाट बघतात. बाईंना कशातलंच काही कळत नाही. सकाळी दोरी असते. नंतर दोरी नसते, आणि तो टाकीजवळचा रस्ता एकट्याने ओलांडायचा मला धीर होत नाही, ताई. हे मी टिटवीला सांगितलेलं नाही. पण वर्गात जाण्याआधी ती माझं बोट धरून मला बाकापर्यंत आणते, बसवते, आणि ती येईपर्यंत जागचं हलायचं नाही असं बजावून जाते. मी हलत नाही.